टिळा लावलेले ग्लॅडिएटर

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये नोटीस लागली आहे. ‘दिवाळीनिमित्त किल्ला स्पर्धा. पोडियमवर माती, विटा, गोणपाट आणू नये, टाइल्सना डाग पडतात. किल्ले पुठ्ठ्याचे किंवा तयार फायबरचे असावेत.’ मातीशिवाय किल्ला! उद्या म्हणतील, तेलाशिवाय चकली तळा. चौदावा मजला येईपर्यंत मी सेक्रेटरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मनातल्या मनात केला, कारण लिफ्टमध्ये त्याची बायको उभी होती.

ज्या जागेवर हा पोडियम आहे तिथे आमची चाळ होती. चार मजले, मधे चौक, चौकात नळ. लालबागमध्ये तेव्हा अशा चाळी पायलीला पन्नास होत्या. आता टॉवर आहेत, तेही पायलीला पन्नास. नळाच्या डाव्या बाजूला एक कोपरा होता, तिथे दर दिवाळीला आम्ही पोरं किल्ला बांधायचो. तो कोपरा आता कुठे आला असेल ते मी एकदा पावलं मोजून काढलं. व्हिजिटर्स पार्किंग, दुसरा खांब. तिथे कुणाची तरी पांढरी गाडी उभी असते.

नवरात्र सरलं आणि ऑक्टोबरचं ऊन पाठीला चटके द्यायला लागलं की माझ्या नाकात अजून एक वास येतो. भाजणीचा नाही, उटण्याचा नाही. ओल्या गोणपाटाचा, त्यावर थापलेल्या लाल मातीचा, दोन दिवसांत तरारलेल्या अळिवाचा, आणि या सगळ्यात मिसळलेला टर्पेंटाइनचा. टर्पेंटाइनचा वास कुठल्याही किल्ल्याला येत नाही, हे मला ठाऊक आहे. तो आमच्याच किल्ल्याला यायचा, आणि तोही एकाच दिवाळीत. संपाच्या वर्षी.

त्या वर्षीचं सैन्य माझ्या कपाटात आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळलेलं. बोटाएवढे प्लास्टिकचे गडी, चोवीस. आणि एक पंचविसावा, त्याची गोष्ट वेगळी. हे खरं तर मावळे नव्हेतच. ग्लॅडिएटर आहेत, रोममधले. कुणाच्या हातात आखूड तलवार, कुणाकडे लांब ढाल, कुणाच्या डोक्यावर माशाच्या आकाराचा तुरा असलेलं शिरस्त्राण. अंगावर लंगोटाएवढं कापड. आणि चोवीसच्या चोवीस जणांना झुपकेदार काळ्या मिशा आणि कपाळावर लाल टिळा. हसू आलं ना? येऊ द्या. चाळीस वर्षं सगळेच हसत आलेत, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने मी हसले आहे. शाळेत शिक्षिका होते तेव्हा टीचर्स रूममध्ये हा किस्सा मी रंगवून रंगवून सांगायचे. आमच्या आईने रोमन लोकांना टिळे लावले, हो! डबे खाता खाता बायकांना ठसका लागायचा.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते, मागावर कापड विणायचे. संप सुरू झाला तेव्हा जो तो म्हणत होता, पंधरा दिवस, फार तर महिना. होळी गेली, शाळा सुरू झाल्या, गणपती आले नि गेले, संप जागच्या जागी. ज्या माणसाला पाळीचे आठ तास मागासमोर उभं राहायची सवय, त्याने दिवसभर गॅलरीत उकिडवं बसून करायचं काय? बाबांची बोटं स्वस्थ बसत नसत. चटईच्या कडेच्या दोऱ्या उसवायचे आणि पुन्हा ओवायचे, उसवायचे आणि ओवायचे. ते बघवेना म्हणून की काय, आईनेच कुठून तरी काम शोधून आणलं. परळला एका गाळ्यात प्लास्टिकची खेळणी बनायची आणि परदेशात जायची. तिथला मगनभाई नावाचा माणूस कच्चा माल गोणीतून घरी आणून टाकायचा. बाबा ब्लेडने प्लास्टिकची फाजील कड तासायचे, आई रंगवायची, मी ढाली आणि तलवारी हातात बसवायचे. मी अकरा वर्षांची होते.

पहिल्या दिवशी बाबांनी दार लोटून घेतलं. बाहुल्या तासताना कुणी बघितलं तर? दुसऱ्या दिवशी आईने ते सताड उघडलं. ‘रंगाच्या वासान जीव जातलो माझो,’ म्हणाली. आणि उघडल्यावर दिसलं काय, तर शेजारच्या खोलीत पुरुषमाणसं अगरबत्त्या वळत होती आणि पलीकडे पापड लाटले जात होते. लाजायचं कुणी आणि कुणाला?

आई खाडीकाठची, मालवणकडची. बाहेरच्यांशी मुंबईचं मराठी बोलायची, घरात मालवणी. मगनभाईने नमुना म्हणून एक पूर्ण रंगवलेला गडी दिला होता. त्याला ती समोर पाटावर उभा करायची आणि त्याच्याकडे बघून बाकीचे रंगवायची. आधी सगळ्यांचं अंग, मग सगळ्यांची कापडं, मग ढाली. अंगासाठी मिळालेला रंग गुलाबी होता. ‘हो रंग कोणाचो गो? शिजलेल्या सुंगटाचो?’ सुंगट म्हणजे कोळंबी. खरोखर तसाच होता तो. पण नमुना गुलाबी, म्हणून आईही गुलाबी द्यायची. नमुना म्हणजे नमुना.

एका गड्याच्या एका हातात जाळं होतं आणि दुसऱ्या हातात तीन टोकांचा भाला. तो पहिल्यांदा गोणीतून निघाला तेव्हा आईला कोण आनंद झाला! ‘अगो, हो तर आमचो पागी! पाग टाकूक चल्लो बघ.’ खाडीत उभं राहून फेकायच्या जाळ्याला तिच्याकडे पाग म्हणतात, आणि ते टाकणारा तो पागी. ‘पण मेलो असो उघडो कित्याक गेलो? पंचो तरी नेसायचो मा!’ बाबा हसले. त्या वर्षात बाबा हसल्याचं मला फार वेळा आठवत नाही, त्यामुळे हे आठवतं.

मग एकदा मगनभाई उंबऱ्यावर चहा पीत बसला असताना आईने विचारलं, ‘हे लोक कोण हो? कुठच्या देवळातले?’

‘देवळातले कशाला? ग्लॅडिएटर बोलतात त्यांना, बाई. रोमचे गुलाम. शेठलोक वर बसणार, पब्लिक बाजूने बसणार, आणि हे खाली एकमेकाला मारणार. एक मरेपर्यंत.’

‘भांडण काय होतं त्यांचं?’

‘भांडण कसलं? खेल होता तो.’

‘आणि एकाने नाही मारलं दुसऱ्याला तर?’

‘तर दोघं मरणार,’ मगनभाई म्हणाला आणि बशीतला चहा संपवून उठला. आईने ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळखळला आणि पुढचा गडी उचलला.

सहा गोण्या तिने नमुन्याबरहुकूम रंगवल्या. मगनभाई खूश होता, म्हणायचा, तुमचा हात कारखान्यापेक्षा साफ आहे. सातवी गोणी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आली. एका दुपारी मी शाळेतून आले तर पाटावर चोवीस गडी वाळत उभे. अंगाचा रंग गुलाबी नाही, गव्हाळ. मिशा. टिळे. मी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, आईने आमच्या किल्ल्यासाठी केलेत! कारण त्या वर्षी किल्ल्याला मावळे नव्हते. मातीचे मावळे विकत आणायचे, आणि त्या वर्षी चाळीत कुणाच्या घरी जाऊन मावळ्यांसाठी हात पसरायचा? किल्ला मात्र झोकात झाला होता. माझा मामा रे रोडला लाकडाच्या वखारीत होता, त्याने भुशाची पिशवी आणून दिली होती आणि तो भुसा हिरवा रंगवून आम्ही कुरण केलं होतं. तटावर उभं राहायला तेवढं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मगनभाई आला. आधी त्याला कळलंच नाही. मग त्याने एक गडी उचलून नाकापाशी नेला. ‘ये क्या किया, बाई? रोम में टीका लगाते थे क्या? अरे, पार्टी का माल है!’ आई हात पुसत उभी. बाबा म्हणाले, ‘चुकलं असेल, मगनभाई, पुसून देतो.’ पण तो रंग पुसला जाणाऱ्यातला नव्हता. मगनभाईने उरलेला कोरा माल गोणीत कोंबला आणि नमुना मागितला. नमुना सापडेना. आईने पाटाखाली बघितलं, फळीवर बघितलं. नमुना मी त्याच सकाळी, तोही सैन्यात हवा म्हणून, किल्ल्याच्या गुहेत लपवून आले होते आणि शहाजोगासारखी तोंड मिटून दाराआड उभी होते. शेवटी मगनभाई वैतागून म्हणाला, ‘रख लो. ये भी रख लो. बच्चों को दे दो खेलने को.’ आणि गेला तो गेला. ते काम परत आलं नाही. दिवाळी झाल्यावर आई माटुंग्याला तीन घरी पोळ्या करायला जायला लागली, ती पुढे वीस वर्षं जात राहिली.

चाळीत तासाभरात सगळ्यांना कळलं. आईचं नाव ‘टिळेवाली’ पडलं. हातचं काम घालवलं म्हणून कुणी हळहळलं, कुणी खिदळलं. आई एवढंच म्हणायची, ‘हसतील तेंचे दात दिसतील.’ बाबा तिला एक अक्षर बोलले नाहीत.

आता यंदाची गोष्ट. माझ्या मुलाने मोबाइलवर कुठे तरी वाचलं की तसल्या जुन्या संचांना बाहेर वेडे लोक वेड्यासारखी किंमत देतात. जेवताना तो ते बोलला. आई आता शहाऐंशीची आहे, कानाने बरं ऐकते आणि नको ते जास्तच बरं ऐकते. तिचा घास थांबला. ‘आमच्या गड्यांची?’

‘हो आजी. जाणकाराला दाखवायला हवेत.’

‘दाखव तर,’ ती माझ्याकडे बघून म्हणाली. ‘जा, इचारून ये. काय मोल तेंचा.’ चार दिवस तिने माझा पिच्छा पुरवला. रोज सकाळी चहाबरोबर तेच. गेलंस? कधी जातलंस? मला कळेना, म्हातारीला आता पैसे कशाला हवेत. मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं, हिला पैसे नकोच आहेत. टिळेवाली म्हणून जी ऐकून घेत आली, तिला एकदा कुणाकडून तरी ऐकायचंय, की ते काम वाया गेलं नव्हतं. मग मात्र जायचं माझ्या जिवावर आलं. कारण उत्तर मला आधीच ठाऊक होतं.

ठाकूरद्वारला एका वाडीत हे गृहस्थ राहतात. जुनी खेळणी जमवतात आणि दुसऱ्यांच्या खेळण्यांचं मोल ठरवून देतात. नाव सांगत नाही, पारखी म्हणते. घर स्वच्छ, कपाटं काचेची, भाषा त्याहून स्वच्छ. त्यांनी हातमोजे चढवले, टेबलावर पांढरा कपडा अंथरला, भिंग काढलं. माझा डबा उघडला आणि एक एक गडी ओळीने मांडला. मी उगाच पदर सारखा केला. मुलगी दाखवायला आणल्यासारखं वाटत होतं.

‘हं,’ ते म्हणाले. ‘संच चांगला आहे. निर्यातीचा माल, इथे फारसा राहिलाच नाही. साचा उत्तम आहे. कडा काय सुरेख तासल्यात!’ इथे मला बाबा दिसले, ब्लेड धरलेले. ‘पण बाई, हे काय? मिशा? कपाळाला टिळा? हे कुणी केलं?’

‘आईने.’

‘अरेरे. अज्ञानापोटी होतं असं. मूळचा रंग गेला म्हणजे सगळंच गेलं. आता याला मोल नाही.’

हेच अज्ञान मी टीचर्स रूममध्ये निराळ्या शब्दांत शंभरदा हसून सांगितलं होतं. पण त्यांच्या तोंडून तो शब्द आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्या आईला आपण हसावं, हातमोजेवाल्याने नाही.

‘मूळचा रंग म्हणजे कुठला हो?’ मी विचारलं.

‘म्हणजे कारखान्यातून निघतानाचा.’

‘कारखान्यात रंगाचं खातंच नव्हतं. कारखान्यातून हे नागडे निघायचे. तुमच्या त्या कपाटात जे गुलाबी उभे आहेत ना, ते कुठल्या तरी चाळीत, कुठल्या तरी बाईने, चूल आणि पोरं सांभाळत रंगवलेत. माझ्याच आईने रंगवले असतील. सहा गोण्या दिल्यात तिने. ते मूळचे, आणि हे खराब?’

पारखी रागावले नाहीत, हे सांगायला हवं. भिंग खाली ठेवून शांतपणे म्हणाले, ‘तुमचं म्हणणं समजतंय. पण ते नमुन्याबरहुकूम आहेत. हे नाहीत. आमच्या जगात कसोटी तीच.’

‘मग तुमच्या जगात आणि मगनभाईच्या गाळ्यात फरक काय?’ असं मी म्हणाले, पण मगनभाई कोण हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे वार फुकट गेला.

तेवढ्यात त्यांना कापसातला पंचविसावा दिसला. आमचा नमुना. गुलाबी, कोऱ्या ओठांचा, मोकळ्या कपाळाचा. त्यांनी तो असा उचलला की मी पण श्वास धरला. उलटा करून तळ बघितला, भिंगातून दोनदा बघितला, आणि एक आकडा सांगितला. तो मी इथे लिहिणार नाही. लिहिला की तुम्हीही बाकीच्या चोवीस जणांना त्याच आकड्याने मोजाल. पण खोटं कशाला बोलू, मी तो त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावला.

‘हा ठेवून जा,’ पारखी म्हणाले. ‘बाकीचे मुलांना खेळायला द्या.’ अगदी तेच शब्द! फक्त हिंदीऐवजी शुद्ध मराठीत. मी पंचवीसही कापसात गुंडाळले, डब्याचं झाकण लावलं आणि उठले. जाता जाता त्यांनी एक माहिती दिली, ती मात्र मनापासून. ‘तो जाळंवाला आणि तो माशाच्या तुऱ्याचा, ही जोडी असते बरं का. प्रतिस्पर्धी. एकमेकांसमोर मांडायचे.’

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले आणि त्यांचं ते शेवटचं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. समोरासमोर मांडायचे. आमच्या किल्ल्यावर कुणीच कुणासमोर उभं नव्हतं.

चाळीत आमच्या समोरच्या खोलीत वसंताकाका राहायचे. बाबांच्याच गावचे, त्याच खात्यातले, त्याच पाळीतले. दोघांचा डबाही एकत्र जायचा. नवरात्र संपता संपता वसंताकाका कामावर परत गेले. गिरणीची गाडी यायची, खिडक्यांना जाळ्या लावलेली, त्यात बसून. घरात बायको महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेली, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. तरी संपफोड्या तो संपफोड्याच. त्यांची पोर, मंदा, माझी मैत्रीण, तिच्याशी बोलायचं नाही असं पोरांत ठरलं. मीही दोन दिवस नाही बोलले.

एका सकाळी नळावर बाबा आणि वसंताकाका समोरासमोर आले. कोण आधी काय बोललं कुणास ठाऊक. बादली उडाली, आणि पुढच्या क्षणी दोघं चिखलात एकमेकांच्या नरड्याला. दोन्ही हाडकुळे झालेले. चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. ‘मार रे! सोडू नको!’ बायकाही ओरडत होत्या. कुणी खाली धावलं नाही. मी कठड्याच्या गजांतून बघत होते आणि मला आठवतंय, मी पण ओरडत होते. बाबांच्या बाजूने. बाबांनी वसंताकाकांचा ओठ फोडला तेव्हा टाळ्या पडल्या. आई माझ्या मागेच उभी होती, हातात ब्रश. ती ओरडली नाही. खोलीत गेली. त्यानंतर मी शाळेत गेले. तो दिवस कुठला, हे मी कधी लावून बघितलंच नव्हतं. मारामारी एका कप्प्यात होती आणि टिळ्यांचा किस्सा दुसऱ्यात. एक रडायचा, एक हसायचा.

किल्ल्यावरचा तो दिवस मात्र लख्ख आठवतो. मगनभाई गेल्यावर संध्याकाळी बाबा स्वतः पाट उचलून खाली आले आणि आम्हा पोरांना म्हणाले, ‘घ्या. सैन्य आलंय.’ मंदा लांब जिन्याच्या पायरीवर बसली होती. बाबांनी तिला हाक मारली. ‘ये गो. तटावर कोण कुठे उभा करायचा, तुका कळता.’ आम्ही चोवीस गडी तटावर चढवले, सगळ्यांची तोंडं बाहेर, गनिमाकडे. जाळंवाला पागी दरवाजावर, त्याच्या खांद्याला खांदा लावून माशाच्या तुऱ्यावाला. सगळ्यांच्या कपाळाला तोच टिळा, त्यामुळे कोण कुणाच्या बाजूचा हा प्रश्नच नव्हता.

पाडव्याच्या दिवशी वसंताकाका कामावरून आले आणि किल्ल्यापाशी थांबले. ओठावर खपली. बाबा तिथेच पणतीत तेल घालत होते. वसंताकाका तटावरचे गडी बघत उकिडवे बसले.

‘हो पडता हा,’ ते पाग्याकडे बोट दाखवून म्हणाले. ‘मागे खडो लाव.’

बाबांनी खडा शोधला. लावला. वसंताकाकांनी बोटाने पाग्याला जरा सरळ केला. ‘आता रवलो,’ म्हणाले आणि उठून गेले. बस्स, एवढंच. संप काही मिटला नाही, बाबांना गिरणीने परत घेतलं नाही, पुढे जन्मभर बाबा कुणाकुणाच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. पण डबा नसला तरी त्या दोघांची सकाळची तंबाखू पुन्हा एका चंचीतून निघायला लागली. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला पहिले वसंताकाका होते.

घरी पोचले तर आई खिडकीशी मेथी निवडत बसलेली. मी चपला काढायच्या आत, ‘काय म्हणालो तो?’

बसमध्ये मी तीन खोटी उत्तरं तयार केली होती. एकही तोंडातून निघेना. ‘त्याला मोल नाही म्हणाला, आई. रंग चुकलाय. टिळ्यांमुळे गेलं.’ मग एका दमात पंचविसाव्याचंही सांगून टाकलं. ‘या एकट्याला मोल आहे. आकडाही सांगितला.’

मला वाटलं, तिचं तोंड उतरेल. तिने मेथीची काडी मोडली आणि चक्क हसली.

‘चुकलोहा म्हणता? अगो, मी चुकूक नाय.’

‘म्हणजे?’

‘सहा गोणी बरोबर केलंय आणि सातवी चुकतलंय? नमुनो समोर होतो मा माझ्या. डोळे फुटले नाय होते.’ तिने मेथीची परडी बाजूला सारली. ‘त्या दिवशी नळार तुझो बापूस आणि वसंतो. सगळी चाळ वरसून बघीत होती, टाळये मारीत होती. तू पण. माझ्या हातात हो पागीच होतो, अर्धो रंगवलेलो. मगनभाय सांगून गेल्लो, भांडण काय नाय, खेळ. म्हटलां, असांदेत खेळ. पण माझ्या हातान नाय. माझ्या हातचे गडी एकमेकांक मारूचे नाय.’

मी खुर्चीच्या हातावर टेकले. ‘मग सांगितलं का नाहीस? चाळीस वर्षं लोक हसले. मी हसले. काम गेलं, तू पोळ्या लाटत बसलीस!’

‘कोणाक सांगू? तुझ्या बापाशीक कळला होता. सैन्य घेऊन खाली कोण गेलो? तोच मा? माका तेवढा पुरे.’

बाबा एक अक्षर बोलले नव्हते. मला वाटायचं, बिचारे गिळून गेले. मी इतकी वर्षं पोरांना गणितात दोन आणि दोन मिळवायला शिकवलं, आणि माझ्या घरातली ही साधी बेरीज मला जमली नाही. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

‘पण मग मोल विचारायला कशाला पाठवलंस मला?’

‘बघूक,’ आई म्हणाली. ‘म्हटलां, जग जरा बदलला काय बघूया.’ आणि तिने हात पुढे केला. ‘डबो दी हय.’

तिने कापूस उलगडून एक एक गडी खिडकीच्या कट्ट्यावर उभा केला. चोवीस. मग पंचविसावा हातात घेतला, गुलाबी, मोकळ्या कपाळाचा, भरपूर मोलाचा. अंगठ्याने त्याचं कपाळ पुसलं. ‘हो एकटोच रवलो,’ म्हणाली. ‘पोरां किल्लो करतत मा यंदा?’

‘माती आणू नका म्हणतात. डाग पडतात.’

‘पडांदेत,’ आई म्हणाली.

माझ्या नातीची लाल नेलपॉलिश फळीवर होती. ती तिने मागून घेतली. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोरून एकदा गेला, हो, गेला. मी झाकण उघडून दिलं. आईचा हात आता थरथरतो, म्हणून मी तिचं मनगट धरलं. टिळा थोडा वाकडा आला. तिने त्यावर फुंकर मारली, लांब धरून बघितलं, आणि त्याला पाग्याच्या खांद्याला खांदा लावून, तोंड बाहेर करून उभा केला.

‘आता इचार जा तुझ्या पारख्याक,’ ती म्हणाली, ‘काय मोल.’